जागेश्वरभाऊंचा उलटा फटका

जागेश्वरभाऊंइतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि इतका आडमुठाही. नागपुरात, इतवारीच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत मुलाचं, विश्वनाथचं, पैसे टाकून खेळायचं व्हिडिओ गेमचं मशीन. आतल्या खोलीत भाऊंचा हातमाग. १९८८ साल. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होते. विणायला सांगितलेलं लुगडं न्यायला गेले, तर साठीचे भाऊ मशीनसमोर उभे! कपाळावर घाम, भोवती तरण्या पोरांचा घोळका.

"अहो, हे काय चाललंय?"

"मागासाठी खेळून राहिलो, बाई," ते मागे न बघता म्हणाले.

विश्वनाथला आत दुसरं मशीन बसवायचं होतं, म्हणजे माग काढायला हवा. महिनाभर भांडून बापलेकांनी ठरवलं, खेळात जिंकेल त्याचं चालेल. चाळीस वर्षांचा माग, आणि पैज कशावर, तर पडद्यावरच्या दोन बाहुल्यांच्या मारामारीवर!

पडद्यावर भाऊंच्या गड्यात नावाला जीव उरला होता. विश्वनाथचा गडी ठणठणीत. आता एकच उपाय, पोरं त्याला उलटा फटका म्हणत. समोरच्याकडे पाठ करून उभं राहायचं. तो अंगावर आला की दांडा खाली ओढून दोन्ही बटणं एकदम दाबायची. लागला तर तो एका फटक्यात आडवा. चुकला तर आपण संपलो, कारण पाठमोऱ्याला वार अडवता येत नाही.

भाऊंनी पाठ केली.

"बाबा, मरता नं!" शेजारून खेळणारा विश्वनाथ ओरडला.

"चूप राय गा. मागावर धोटा कधी फेकायचा ते मले कळते."

विश्वनाथचा गडी धावून आला. भाऊंनी दांडा ओढला, बटणं दाबली, आणि मागाची पावडी दाबावी तसा उजवा पायही दाणकन खाली आणला. खाली वायर होती. प्लग निघाला, पडदा काळा!

"लागला!" एक पोरगा ओरडला.

"कुठं लागला बे, हवेत गेला!" दुसरा म्हणाला.

मी मशीनला खेटून उभी होते. सगळे माझ्याकडे वळले.

"बाई, तुमी सांगा," विश्वनाथ म्हणाला. "तुमचं मानतो."

गड्याची मूठ हवेतून गेलेली मी बघितली होती. तरी म्हणाले, "लागला. मी स्पष्ट पाहिलं."

कॉपी करणाऱ्यांना परीक्षेतून उठवणारी मी! माझा आवाज ऐकून मीच हादरले.

"काहून खोटं बोलता, बाई?" भाऊ रागावलेही नव्हते. "नाही लागला. मले उशीर झाला."

विश्वनाथनं घाईघाईनं प्लग लावला. "पुन्हा खेळू, बाबा. वायरीनं झालं सारं."

"वायर मंग निघाली गा. मी पहिलेच हारलो होतो."

दुसऱ्या दिवशी भाऊंना समजवायला गेले. विश्वनाथ दारात डोकं धरून बसला होता. माग काढायचा धीर त्यालाच होत नव्हता. आत भाऊ एकटेच मागाच्या खुंट्या ठोकून काढत होते. मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "धरा बाई मागाचं ते टोक, एकट्यानं पेलत नाही."

आणि त्यांना अडवायला गेलेल्या मी ते टोक धरलं.