मशीनला ‘जा’ म्हणू नये

शहापुरात नोकरी लागल्यावर मुलीने एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. त्यात लिनक्स होतं. चित्रं नाहीत, काही नाही; काळा पडदा आणि त्यावर आपण लिहायचं. आपण लिहिलेलं समजून घेऊन जो मशीनकडून काम करून घेतो, त्या प्रोग्रॅमला ती शेल म्हणायची. मी चौथी शिकलेली. मला काय, भाताच्या कणगीशेजारी एक डबा वाढला.

सकाळी मशीनला मोठं काम लावून ती जायची. आमच्या सापगावात लाइट रोज जाई. मग खालची बॅटरी टीं टीं ओरडायची, आणि ती संपायच्या आत मशीन नीट बंद करायला लागे. घरात मी एकटीच. म्हणून तिने मला शिकवायला घेतलं.

“आये, एवढं लिवलं का बंद.”

“एवढं लांबडं? बोलायचं काय त्याला?”

“आता जा, असं समज.”

“आपल्यात कोण जा बोलतं गो? निघणारी येते बोलते.”

“मशीनला कसला आलाय अपशकुन?”

“घरात हाय ना ते? मग.”

ती हसली, पण बसली. मशीन सुरू होताना एक फाइल वाचतं. तिच्यात तिने आणखी एक ओळ घातली. आता ‘येते’ लिहिलं की मशीन ‘लवकर ये’ असं उत्तर देऊन बंद व्हायचं. सगळं इंग्रजी अक्षरांत; तेवढी तिने मला ओळखायला शिकवली. मला लागणाऱ्या बटणांवर तिने लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. ओळीच्या सुरुवातीला तिचं नाव यायचं, तिथे हिरव्या रंगात ‘आये’ टाकलं.

पुढे तिला बंगळुरूला नोकरी लागली, मग परदेशात. दारातून निघताना ‘येते’ म्हणाली. आधी गणपतीला यायची, नंतर फोन यायचा.

मशीनला काही काम उरलं नव्हतं. तरी मी ते सुरू करायचे. हिरवं ‘आये’ दिसलं की थोडा वेळ समोर बसायचे, ‘येते’ लिहायचे, त्याचं उत्तर वाचायचे आणि भाकऱ्यांना लागायचे.

एकदा ती फोनवर म्हणाली, “आये, भंगारात दे ते. जागा अडवतं.”

मी म्हटलं, “तू ठेवलंस, तूच येऊन काढ.”

ती म्हणाली, “बघते.”

‘येते’ म्हणाली नाही.