ताईचा ॲक्सल

"मामा, आई उठून नाही राहिली..." महिन्यापूर्वी सकाळी माझ्या भाचीचा, रश्मीचा फोन आला. मी बोरसीला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा सुलोचनाताई झोपेतच गेलेली होती. अंगणात तिची काळी मोटार उभी होती, आम्हा भावंडांपेक्षाही वयानं मोठी. या गाडीनंच बाईला खाल्लं, असं शेजारी कुजबुजत होते. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

ताईची तीस वर्षं पोलादाच्या प्लांटच्या टेस्टिंग लॅबमध्ये गेली. पोलादाचा तुकडा मशीनमध्ये लावायचा, तुटेपर्यंत ओढायचा आणि तो कुठे, कशानं तुटला ते सांगायचं, हे तिचं काम. रिटायर झाल्यावर एका डॉक्टरांच्या शेडमध्ये सडत पडलेली ही मोटार तिनं आणली, दोन वर्षं खपून चालती केली. मागचं चाक फिरवणारा ॲक्सल तेवढा गेलेला होता. परदेशातून मागवण्याऐवजी तिनं तो कॅम्प-१ वस्तीतल्या साहूभैया नावाच्या, लेथवर काम करणाऱ्या टर्नरकडून घडवून घेतला आणि जुन्या गाड्यांच्या एका रॅलीसाठी अर्ज केला. आयोजकांनी गाडी नाकारली. असला घरगुती ॲक्सल भर रस्त्यात तुटला तर जबाबदार कोण? किती चालला तर मानाल, असं ताईनं विचारलं. त्यांच्यातला एक जण हसत म्हणाला, दहा हजार किलोमीटर.

ताई हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून बोरसी ते उतई फेऱ्या सुरू झाल्या, मुद्दाम खराब रस्त्यानं, मागच्या सीटवर रेतीची पोती लादून. चारशे किलोमीटरवरच ॲक्सल तुटला. मी धावत गेलो तर ताई धानाच्या बांधावर बसून तुटलेलं टोक भिंगातून पाहत होती. मला वाटलं, संपलं सगळं. ती मात्र खुशीत होती. "कोपरा धारदार राहिला, तिथूनच तडा गेला. साहूभैयाले सांगतो, इथं गोलाई दे म्हणून."

दुसरा ॲक्सल टिकला. सात हजारांवर ताईचंच हृदय कुरकुरलं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, रश्मीनं चावी लपवली. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं शांतपणे विचारलं, "मले घरात बसवून तू काय वाचवून राहिली?" रश्मी रडली... आणि चावी दिली, मामा सोबत असेल तरच, या अटीवर. मी रेल्वेतून रिटायर झालेला, रिकामाच. बसलो शेजारी.

दहा हजार पूर्ण झाल्याचं ताईनं आयोजकांना कळवलं, तेव्हा तो तर मजाक होता, मॅडम, असं उत्तर आलं. ताईनं फोन ठेवला. ॲक्सल काढला, रॉकेलमध्ये भिजवून पुसला, वर खडूची पूड फासली. तडा असता तर पांढऱ्यावर रॉकेलची रेघ उमटली असती. एकही उमटली नाही. "आता वीस हजार," ती म्हणाली. अर्ज मात्र तिनं पुन्हा केला नाही.

ती गेल्यावर त्याच आयोजकांचा फोन आला. श्रद्धांजली म्हणून गाडी प्रदर्शनात ठेवू, फक्त अस्सल ॲक्सल बसवून. रश्मीनं ऐकून घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं. आता सकाळी उरलेल्या फेऱ्या ती चालवते, मी शेजारी असतो. फेरी संपली की ताई मागच्या चाकाशी उकिडवी बसायची, चाकाच्या मध्यावर तळहात टेकवून किती तापलंय ते बघायची. काल रश्मी तशीच बसली. हात बराच वेळ तिथेच होता... मी मान फिरवली. मग ती उठली, ओढणीला हात पुसले.

"ज्यादा गरम नाही, मामा. उद्या थोडं लांब, राजनांदगावपर्यंत नेऊन पाहू."