कागदावरचा मृदंग

त्या सकाळी वासंतीच्या घरात रोजचीच धांदल होती. तिचे यजमान माधवराव मास्तर शाळेत जायच्या आधी आंघोळीला गेले होते, चुलीवर वरण उकळत होतं, आणि वासंती परातीत पोळ्यांची कणीक मळत होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. थाप कसली, धडकाच त्या.

"आले, आले," ती आतून म्हणाली.

धडका चालूच.

"अहो, आले म्हटलं ना!"

तरी चालूच. मोरीतून माधवराव ओरडले, "दार मोडायला आलंय की काय कुणी?"

कणकेच्या हातांनीच वासंती धावली. कोपरानं कडी सरकवून दार उघडलं, तर पुढची थाप मारायला उचललेला हात तसाच हवेत धरून एक माणूस उभा. चाळिशी उलटलेला, डोक्याला मळकं मुंडासं, आणि पाठीवर घोंगडीत गुंडाळलेला मृदंग. दार उघडलेलं बघून तो ओशाळला, हात खाली घेतला आणि जिन्यावरून हाक मारावी तशा आवाजात म्हणाला, "मी रखमाजी. वळवणचा. माज्या घरातली तुमच्याकडं दूध घालती."

म्हणजे धोंडाबाईचा नवरा. धोंडाबाई लोणावळ्यात चार घरी दूध घाली, आणि घटकाभर ओटीवर टेकून दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी सांगे. स्वतःच्या घरातलं ती फारसं बोलत नसे.

"वैनी, तुमी म्हनं पुस्तकात बगून पेटी वाजवता?"

वासंती हो म्हणाली. लग्नाआधी पुण्याला कॉलेजात असताना ती गायन शिकली होती, आणि दुपारी निवांतपणी स्वरलिपीचं पुस्तक समोर ठेवून पेटी वाजवत बसे. रखमाजी तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहिला. त्याला काही ऐकू गेलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. तिनं मान हलवली.

"पुस्तकात मुरदुंगाचं बी असतंय?"

तिनं पुन्हा मान हलवली.

"मंग मला ते वाचाया शिकवा," रखमाजी म्हणाला. "वाचाया आलं म्हंजी ऐकाया नको."

पुढची हकीगत धोंडाबाईनं दुसऱ्या दिवशी सांगितली. रेल्वेच्या नव्या बोगद्यांसाठी घाट फोडायला घेतला तेव्हा रखमाजी सुरुंगाच्या टोळीत लागला. पावसाळ्यात भात करायचा आणि भात निघाला की घाटात जायचं. वात पेटवायची, खडकाआड पळायचं, कानात बोटं घालायची. बोटं घातली की झालं, असं सगळ्यांनाच वाटे. मग कानात रातकिडे बसले. पुढं रातकिडेच राहिले आणि बाकीचं गेलं.

"मिसरूड फुटायच्या आदीपास्नं वाजवतोय त्यो," धोंडाबाई म्हणाली. "मारुतीच्या देवळात भजन म्हंजी अंबाजीबुवा आन् त्यांच्या उजव्या हाताला ह्यो. ती जागाच त्याची. माज्या बानं ती जागा बगून मला दिली, वैनी. रान किती हाय ते बी इचारलं न्हाई. आता बुवा म्हनत्यात, रखमाजी, हात तुजा सोन्याचा, पन कान मातीचं झालं. औंदा सप्त्यात बग, न्हाई जमलं तर मुरदुंग कोंडाजीकडं."

कोंडाजी बुवांचा पुतण्या. हाताला चपळ आणि तोंडालाही.

म्हणजे चैत्रातल्या सप्ताहापर्यंतची मुदत होती. वासंतीला खरं तर तालाचं ज्ञान बेताचंच. पण पुस्तकाच्या शेवटी तालांची पानं होती आणि लिहिलेलं वाचून दाखवणं तिला अवघड नव्हतं. माधवराव हसले. "माझ्या शाळेत पोरं वर्षभर ग म भ न गिरवतात. तुझा विद्यार्थी एकदम 'धागे तिट'वर!"

"तुमच्या पोरांना सप्ताह कुठं गाठायचाय?" वासंती म्हणाली.

शाळेतल्या जुन्या नकाशांच्या पाठीमागे तिनं मोठ्या अक्षरांत बोल लिहिले. धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. मात्रामात्रांमध्ये उभ्या रेघा ओढल्या, समेवर फुली काढली, जिथं टाळी नसते त्या 'खाली'च्या मात्रेवर शून्य घातलं. रखमाजी दुपारी यायचा, तिच्याकडून कणकेचा गोळा मागून घ्यायचा, तो मृदंगाच्या डाव्या तोंडाला थापायचा आणि नकाशासमोर मांडी घालून बसायचा.

अक्षर ओरडून सांगावं तर त्याला पोचत नसे. मग वासंती अक्षरावर बोट ठेवी आणि हातानं थाप मारून दाखवी. त्यामुळे झालं असं की ध, त, क, ग ही अक्षरं म्हणून त्याला आलीच नाहीत. त्याला धा आला तो दोन्ही हातांनी, ता आला तो उजव्या पंजानं. वाण्याच्या दुकानावरच्या पाटीतला 'धा' त्यानं ओळखला आणि त्याचे दोन्ही हात मांडीवर पडले, हे धोंडाबाईनं कौतुकानं सांगितलं. त्याच पाटीवरची बाकीची अक्षरं त्याच्या लेखी नुसत्या रेघा होत्या.

शून्यानं मात्र छळलं. शून्याखालचा बोल आला की रखमाजी हात वर उचलून गप्प बसे.

"वाजवा," वासंती हातानं खुणावी.

"वाजवू कशाला? शून्य म्हंजी काय न्हाई ना?"

शून्य म्हणजे तिथं टाळी द्यायची नाही, थाप मात्र मारायचीच, हे बहिऱ्या माणसाला समजावताना तिचा घसा दुखला आणि हातही. समजलं तेव्हा तो म्हणाला, "आयला, हे मला ठावं हुतं की. लहानपनापास्नं ठावं हाय. कागदावर वळकलं न्हाई."

ओळ संपली की तो थांबे. पुन्हा पहिल्या 'धा'वर यायचं, हे ती बोट फिरवून सांगे. एकदा त्यानं ओळीच्या टोकावर तळहात ठेवला आणि विचारलं, "वैनी, ह्यो रस्ता हितं संपतोय. ताल कवा संपतोय का?" तिनं ओळीच्या शेवटून सुरुवातीकडे जाणारा एक लांब बाण काढून दिला.

होळी झाली तोवर रखमाजी कागदावरची ओळ अडखळत का होईना वाजवू लागला. डोळे कागदावर रोवलेले, ओठ मिटलेले, एकेक थाप जागच्या जागी. वासंतीला समाधान वाटलं. धोंडाबाई मात्र दूध ओतता ओतता म्हणाली, "घरी बी आता असंच वाजवतोय, वैनी. भाकरी थापल्यावानी. पयलं वाजवायचा तर गोठ्यातल्या गाई कान हलवायच्या."

"शिकताना होतंच असं. मोकळा होईल हात."

"तुमी म्हनता तर व्हईल," धोंडाबाई म्हणाली.

सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी, भर दुपारी वासंती वळवणच्या देवळात बायकांमध्ये जाऊन बसली. रखमाजी बुवांच्या उजव्या हाताला बसला होता, धुतलेलं मुंडासं बांधून. समोर नकाशाचा कागद अंथरलेला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या कडांवर चार दगड. पोरं खांबाआडून बोटं दाखवत होती. कोंडाजी टाळ घेऊन मागच्या रांगेत होता. "काका, शाळेत नाव घातलंसा का काय?" तो म्हणाला, आणि आजूबाजूचे हसले.

पहिला अभंग नीट गेला. वासंतीनं पदराखाली बोटांवर मात्रा मोजल्या. एकही चुकली नाही. धोंडाबाईनं तिचा गुडघा हातानं आवळून धरला होता, तो हात हळूहळू सैल पडला. मग बुवांनी दुसरा अभंग घेतला आणि रंगात येऊन चाल चढवली. टाळ दुपटीत गेले. मृदंग तसाच चालला, शांत, सरळ, कागदावर लिहिलेल्या जागांवर. टाळकरी एकमेकांकडे बघू लागले. शेवटी एका चरणाचा अर्थ सांगण्यासाठी बुवांनी हात वर केला. टाळ थांबले. गाणं थांबलं. सगळं देऊळ थांबलं.

मृदंग वाजत राहिला.

धा धा दिं ता. रखमाजीची नजर कागदावरून हलली नाही. ओळ संपली की डोळे बाणावरून मागं जात आणि पुन्हा पहिल्या 'धा'वर येत. कोणीतरी फस्सकन हसलं. "कागद लई मोटा हाय, बुवा, बसा तंवर," कोंडाजी म्हणाला. धोंडाबाई उठून उभी राहिली आणि तिथंच उभी राहिली. पुरुषांत जाऊन नवऱ्याचा हात धरायचा कसा?

अंबाजीबुवांनी वाकून मृदंगाच्या चामड्याच्या पुडीवर आपला पंजा ठेवला.

रखमाजी दचकला. त्यानं बुवांकडे पाहिलं, मग गप्प बसलेल्या टाळकऱ्यांकडे, आणि मग घाईघाईनं कागदावर बोट ठेवून तो त्याच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाला, "बरुबर हाय की! बगा ना, बुवा, हितं बगा. बरुबर हाय."

"बरुबर हाय, रखमाजी," बुवा म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. कोणी हसलं नाही. बुवांनी मान वळवली, कोंडाजी टाळ ठेवून पुढं आला, आणि रखमाजी दगड उचलून कागदाची घडी घालू लागला.

नंतर धोंडाबाई दूध घालून न बोलता जाऊ लागली. वासंतीनं दोनदा विचारलं, तर "बरा हाय" एवढंच. एका दुपारी वासंती अंगणात पापड वाळत घालत होती, तेव्हा नवरा-बायको दोघं आली. रखमाजीच्या पाठीवर मृदंग नव्हता. सगळे नकाशे नीट घडी करून त्यानं आणले होते. ते त्यानं ओटीवर ठेवले.

"तुमचा काय दोष न्हाई, वैनी," तो म्हणाला. "आदी मी कागद कुटं बगत हुतो? टाळकऱ्याच्या मनगटाकडं बगायचो. बुवाच्या गळ्याची शीर फुगली का चाल चढनार, ते कळायचं. तेवढ्यावर दोन वर्सं काडली. एकांदी बारी चुकायचो, पन काडली. आता डोळं कागदात गुतलं, मंग मानसाकडं बगनार कोन?"

वासंतीनं पापडाचं ताट खाली ठेवलं. दोन वर्षं हा माणूस डोळ्यांनी ऐकत होता, आणि आपण मोठ्या हौसेनं त्याचे तेच डोळे खाली वळवले. तिनं नकाशांकडे बोट दाखवून ते फेकल्यासारखा हात केला, स्वतःच्या डोळ्यांना बोट लावलं आणि समोर दाखवलं. पुन्हा तसंच करा. माणसांकडे बघा.

रखमाजीला कळलं. त्यानं मान हलवली. "बगितलं करून. घरी ह्या धोंडीला टाळ घेऊन म्होरं बसवली. तिच्या हाताकडं बगतो, तर मदी तुमची अक्षरं येऊन हुबी ऱ्हात्यात. वाचाया आलेलं जात न्हाई, वैनी. आन् आदीचं काय ऱ्हायलं न्हाई."

"मुरदुंग कोंडाजीला दिला ह्यांनी," धोंडाबाई हळूच म्हणाली. हळू बोलायची तिला गरज नव्हती. "म्या म्हनलं, घरात ऱ्हाऊ द्या. तर म्हनत्यात, वाजवला न्हाई तर चामडं मरतंय."

वासंतीनं त्यांना बसायला सांगितलं, पाणी आणलं. रखमाजी पाणी प्यायला, त्यानं तांब्या पालथा घातला. तो उठला, दोन पावलं गेला आणि परत फिरला.

"एक काम हाय, वैनी. मला इचारता येत न्हाई. इचारलं तरी त्यो काय म्हनला ते कळायचं न्हाई. तुमी मास्तरांकडनं कोंडाजीला सांगा. त्यो वाजवंल तवा मला शेजारी बसू दे, मुरदुंगाच्या लाकडाला हात लावून."