निसर्गाचे वकील

आधी चष्मा कपाळावर जायचा, मग केसपेपर हातात यायचा. मंडळी, क्रम नीट लक्षात घ्या. माणसं वाचायला चष्मा डोळ्यांवर घेतात. आमचे डॉक्टरसाहेब वाचायचं नाही म्हणून तो वर चढवायचे. कागद भराभर उलटायचे आणि उसासा टाकून म्हणायचे, "निसर्ग आहे, बाबा. निसर्गापुढे कुणाचं चालतं?"

नाशकात कोर्टासमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान. साहेब निवृत्त प्रसूतितज्ज्ञ. बाळंतपणात बाळाला इजा झाली आणि आईबाप ग्राहक आयोगात गेले, की दवाखान्याच्या बाजूनं तज्ज्ञाचं मत द्यायला साहेब हजर! हाड मोडो, नस तुटो, दोषी एकच. त्या बिचाऱ्या निसर्गाला नोटीस बजावायचीही सोय नाही. साहेबांच्या मताची फाईल माझ्या कॉम्प्युटरवर तयारच असायची. तिचं नाव मी 'निर्दोष' ठेवलं होतं. नाव-गाव बदललं की झालं.

एकदा पंचवटीत देवळाबाहेरून साहेबांची नवी चप्पल गेली. तडक दुकानात आले, अनवाणी.

"लिही तक्रार. देवस्थानच्या व्यवस्थापनाचा अक्षम्य निष्काळजीपणा."

"साहेब, निसर्ग...?"

"गपचूप टाईप कर!"

मग दिंडोरीकडची एक बाई आली. द्राक्षबागेत मजुरीला जाणारी, कडेवर तीन वर्षांची मुलगी. जन्मताना डोकं बाहेर आलं, खांदा अडकला. दवाखान्याचे डॉक्टर जागेवर नव्हते, सिस्टरनं जोर लावून ओढलं आणि मुलीच्या डाव्या हाताच्या नसा तुटल्या. हात नुसता लोंबायचा. दवाखाना म्हणे, आमची देखरेख चोख. पुरावा काय, तर पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचा तक्ता, दर अर्ध्या तासाला नोंद. तो बघून साहेबांनी मत दिलं, 'देखरेख आदर्श'. टाईप मीच केलं. त्याच तक्त्याची झेरॉक्स बाईला काढून दिली, तीही मीच. मशीनला कुठली आलीय बाजू!

"दादा, वकील नाय परवडत. मीच बोलले तर चालंल का?"

"चालतं, ताई."

"नायतर उद्या पोरगी मोठी झाल्यावर म्हणंल, आई, तू गप का बसली?"

बाकावर बसून ती तक्त्यावर बोट फिरवत राहिली. एकेक ओळ, सावकाश.

सुनावणीला मी दुकान बंद करून गेलो. असा खेळ सोडतो होय! साहेबांचं मत वाचून झालं, निसर्गाचा जयजयकार झाला आणि ती उभी राहिली.

"साहेब, पोरगी किती वाजता झाली?"

"दुपारी एक दहाला. इथं लिहिलंय," दवाखान्याचे वकील मध्येच म्हणाले.

"मग दीडला, दोनला, अडीचला पोटात ठोके कुणाचे मोजले? पोरगी तर काचंच्या पेटीत होती."

आयोगाचे सदस्यही पुढे वाकले. सिस्टरबाईंनी ड्यूटीवर येताच तीन वाजेपर्यंतचा तक्ता भरून टाकला होता. बाळ काही त्यांना विचारून जन्माला आलं नाही.

साहेबांचा चष्मा कपाळावरून नाकावर उतरला. त्यांनी तक्ता वाचला. पुन्हा वाचला.

"म्हणजे साहेब, निसर्गतः..." दवाखान्याचे वकील पुटपुटले.

"गप्प बसा हो!" साहेबांचा आवाज चिरकला. "हा तक्ता खोटा आहे. मी तो वाचलाच नव्हता."

निकाल बाईच्या बाजूनं लागला. साहेब मात्र त्या दिवसानंतर दुकानाची पायरी चढले नाहीत.

त्यांना शेवटचं पाहिलं ते सुनावणीच्याच दिवशी, आयोगाच्या जिन्यात. मायलेकी खाली उतरत होत्या. साहेबांनी त्यांना थांबवलं, डॉक्टर मुलांची पकड तपासतात तसं एक बोट मुलीच्या डाव्या हातापुढे धरलं.

"हात दे बघू, बाळ."

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग उजव्या हातानं आपला डावा हात उचलला आणि त्यांच्या तळव्यावर नेऊन ठेवला.

तो तसाच धरून साहेब पायरीवर बसले.