उसनी ऐपत

आमच्या घरात कुणावर विश्वास ठेवायचा म्हणजे आधी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी व्हायची. दारात फेरीवाला येवो की सरकारी माणूस, दादा आधी त्याला नखशिखांत न्याहाळायचे आणि मगच तोंड उघडायचे. दादा म्हणजे माझे वडील. मीही त्यांचाच मुलगा. त्यामुळे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मला प्रवेश दिला आणि निम्मी फी माफ केली, तेव्हा आनंद व्हायच्या आधी मला वाटलं, यात काहीतरी गोम आहे.

गोम होतीच. उरलेली निम्मी फी एवढी होती की आमची सगळी जमीन विकली असती तरी पहिलं वर्षसुद्धा निघालं नसतं, आणि विमानाचं भाडं वेगळंच. पुणतांब्याजवळ गोदावरीच्या अंगाला आमचं गाव. नदी जवळ, पण तिचं पाणी आमच्या वावरापर्यंत कधी चढलं नाही. कोरडवाहू तीन एकर. बैलजोडी दुष्काळात वैरणीवाचून विकली, ती परत काही घेता आली नाही. मी तेव्हा पुण्यात एम.एस्सी. करत होतो. तिथल्या सरांनी सांगितलं की मुंबईत एक ट्रस्ट आहे, गरीब घरच्या मुलांना परदेशी शिकायला मदत करतो. मी अर्ज केला. त्यांनी कळवलं की आमचे एक गृहस्थ तुमच्या घरी येऊन परिस्थिती बघतील आणि मग ठरेल. तसंच कार्ड गावीही गेलं.

गावाचे तोपर्यंत माझ्या जाण्याचे अर्थ लावून झाले होते. एकजण म्हणाला, बाटवायला नेतात. दुसरा पेपर वाचणारा होता. तो म्हणाला, "त्यांची तिकडं लढाई चाललीय, पोरं कमी पडाया लागली. शिकवायचं निमित्त करून बंदूक देत्याल हातात." दादांना हे दुसरं पटलं. त्यांनी मला पारावर सगळ्यांसमोर विचारलं, "मग तू कशाला पायजे त्यास्नी? त्यांच्यात हुशार पोरं न्हाईत व्हय?" खरं सांगायचं तर हाच प्रश्न मलाही पडला होता, पण दादांच्या तोंडून ऐकल्यावर राग आला.

ट्रस्टचा माणूस यायच्या दिवशी सकाळच्या गाडीने मी गावी उतरलो. घरासमोर आलो आणि क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच्या दारात आलो. दावणीला पांढरीशुभ्र खिलारी जोडी उभी. शेजारी एक दुभती गाय. ओसरीवर सतरंजी, तिच्यावर शाळेतल्या दोन खुर्च्या. आत फळीवर स्टीलची भांडी चकाकत होती, कोपऱ्यात धान्याच्या पोत्यांची थप्पी. आईच्या अंगावर चुलतीचं इरकली लुगडं आणि दादांच्या मनगटावर मास्तरांचं घड्याळ, तेही उलटं बांधलेलं.

मला सगळं एका नजरेत समजलं. आमच्याकडे मुलाचं घर बघायला मुलीकडचे येणार असले की भावकी अशीच धावून येते. कुणी बैल आणून बांधतो, कुणी भांडी देतं, कुणी धान्याची पोती रचून जातं. पाहुणे गेले की ज्याचं त्याच्या घरी. याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. मुलीच्या बापालाही ते ठाऊक असतं, कारण त्याने स्वतःच्या मुलाच्या वेळी हेच केलेलं असतं. या घरासाठी दहा घरं उठून बैल देतात, तेवढी पत आहे, एवढं त्याने बघायचं असतं.

मी पिशवी खाली टाकली. "दादा, हे काय केलंत? त्यांना आपली गरिबी बघायचीय."

दादांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "गरिबी बघून पैसं कोन देतं रं? सोसायटीनं दिलं कधी? बँकेनं दिलं? आदी सातबारा बघत्यात, मग इहीर बघत्यात, मग जामीन मागत्यात. ऐपत असंल तरच पैसा मिळतो."

"हे कर्ज नाही, दादा. मदत आहे. ज्याच्याकडे नाही त्यालाच देतात."

"मंग तर तू जायचंच न्हाई," दादा म्हणाले. "ज्याच्याकडं काय न्हाई त्याला कुनी फुकट हजारो रुपये देत आसंल, तर त्याचा डाव लई येगळा हाय."

मी कपाळाला हात लावून ओसरीवर बसलो. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या परक्या बैलांच्या शिंगांवर टांगलेलं होतं, आणि ते निवांत रवंथ करत होते. त्यांना सोडून हाकलावं असंही मनात आलं. तेवढ्यात चुलतभाऊ पाहुण्यांना घेऊन आलाच.

गृहस्थ साठीचे, धोतर-कोट, जाड भिंगाचा चष्मा, हातात छत्री. संशयाच्या बाबतीत ते आमच्याच जातकुळीचे निघाले. एकच प्रश्न ते थोड्या वेळाने फिरवून परत विचारायचे आणि उत्तर बदलतं का ते बघायचे. दादांचं उत्तर मात्र बदलत नव्हतं. बैलांचे दात किती, गाय कितव्या वेताची, सगळं त्यांनी फाडफाड सांगितलं. आईने स्टीलच्या फुलपात्रात चहा दिला. गृहस्थांनी पोत्यांच्या थप्पीवर छत्रीचं टोक टेकवलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही अर्जात लिहिलंय, जनावर एकही नाही."

मी दादांकडे पाहिलं. दादा मिशीतल्या मिशीत हसत होते. सगळं त्यांच्या मनासारखं चाललं होतं. त्यांच्यासमोर, भावकीसमोर, त्यांना खोटं पाडायला माझी जीभ उचलेना. गृहस्थ उठले, नमस्कार केला आणि स्टेशनच्या वाटेला लागले. दादा मला म्हणाले, "खूश झाला बग. पैसं आलंच समज."

मी धावत गृहस्थांना गाठलं. चालता चालता सगळं सांगितलं. बैल चुलत्यांचे, गाय पाटलांची, खुर्च्या शाळेच्या. ते थांबलेसुद्धा नाहीत.

"हे बघा," ते म्हणाले, "घरी सगळं व्यवस्थित असलं की मुलगा मागून येतो आणि हेच सांगतो. मला नवीन नाही. आणि तुमचे वडील खोटं बोलले असतील, तर तुम्हीही बोलत नसाल कशावरून?"

मला संताप आला. त्यांचा आला, दादांचा आला, आणि सगळ्यांत जास्त याचा आला, की त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. मी म्हणालो, "गाडीला अजून वेळ आहे. आत्ताच्या आत्ता परत चला. न सांगता. मग काय ते लिहा."

त्यात काही कावा आहे का, हे त्यांनी बराच वेळ माझ्या चेहऱ्यावर शोधलं. मग छत्री बगलेत मारून मागे वळले.

ओढ्याजवळच आम्हाला बैल भेटले. धाकटे चुलते त्यांना घेऊन घरी निघाले होते. त्यांच्यामागे शाळेचा शिपाई दोन्ही खुर्च्या डोक्यावर उलट्या घेऊन येत होता. चुलती भांड्यांची पाटी सावरत होती, पाटलांचा गडी गाय ओढत होता. आम्हाला बघून सगळी वरात जागच्या जागी थबकली. गृहस्थांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

घरी ओसरी रिकामी होती. दादा नुसत्या जमिनीवर बसून तंबाखू मळत होते. मनगटावर घड्याळ नव्हतं. आई जुनं लुगडं नेसून बाहेर आली, आम्हाला पाहिलं आणि तशीच आत वळली. गृहस्थ दादांसमोर जमिनीवर टेकले आणि त्यांनी साधं विचारलं, "बैल कोणाचे होते?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. त्यांनी सांगावं, एवढंच मला हवं होतं.

"आमचे न्हाईत. भावाचे," दादा म्हणाले.

"गाय?"

"तीबी आमची न्हाई. पाटलांची."

"धान्य?"

"वरची दोन पोती त्यांचीच. खालच्यांत भुस्सा हाय."

ज्या माणसाने गावात कुणापुढे कधी 'आमच्याकडं न्हाई' असा शब्द काढला नव्हता, तो एका परक्या माणसापुढे न्हाई, न्हाई म्हणत चालला होता. आणि मला, खरं सांगतो, प्रत्येक 'न्हाई'ला हायसं वाटत होतं. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. "बस. एवढं पुरे. मी शिफारस करतो. पैसे मिळतील तुमच्या मुलाला," ते म्हणाले आणि उठायला लागले.

पण दादा थांबले नाहीत. आजवर दाबून ठेवलेलं एकदा सांगायला लागल्यावर त्यांना थांबता येत नव्हतं, की या माणसाला पुन्हा संशय यायला जागाच ठेवायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं, ते मला कळलं नाही.

"दुष्काळात खडी फोडाया गेल्तो, सायेब. सरकारी कामावर. हितं न्हाई, लांब, नेवाशाकडं. हितं समद्यांनी वळखलं आस्तं. मी आन् ह्याची आई, दोगंबी. ह्याला पुण्याला पैसं धाडायचो ते त्यातलंच."

तो उन्हाळा मला आठवला. सुट्टीत मी घरी आलो तेव्हा दाराला कुलूप होतं. दोघं आत्याकडे गेलेत, असं शेजारणीने सांगितलं. ते मला खरं वाटलं नव्हतं. भावकीशी काहीतरी भानगड झाली असेल आणि माझ्यापासून लपवतायत, असं वाटलं होतं. मी चिडून त्याच दिवशी पुण्याला परत गेलो होतो.

"आत्याकडे गेला होतात ना?" मी विचारलं.

दादांनी आपले दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले. त्यांवरचे घट्टे मी दर सुट्टीत पाहत आलो होतो.

"आता तुलाबी दाखला पायजे व्हय?" ते म्हणाले.