तोंडातून हातात

सगळी गल्ली तिला काचवाली म्हणायची, आणि एकतीस वर्षांत तिने एकही काच कापलेली नव्हती. काच नवरा कापायचा. ती घरोघर जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, आणि माप चुकलं म्हणून कुणी भांडायला आलं तर त्याला त्याच्याच खिडकीपाशी नेऊन पटवून द्यायची, की चूक असलीच तर ती भिंतीची आहे.

नवऱ्याला लोक मास्तर म्हणत. त्याने कुणाला काही शिकवल्याचं ऐकिवात नव्हतं. "हे हातातच असावं लागतं," एवढं बोलून तो विषय संपवायचा, कारण त्याहून जास्त त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या मुठीत हिरा असायचा, म्हणजे काच कापायचं हत्यार. त्याच्या टोकाचा हिरा जाऊन तिथे पोलादी चाक आलं त्याला जमाना झाला होता, पण नाव काही कुणी काढून घेतलं नव्हतं. हात काचेवर आणि तोंड राजकारणावर, अशी मास्तरची कामाची पद्धत. रेशमी कापड फाडावं तसा आवाज करत रेघ टोकापर्यंत जायची. मग काच टेबलाच्या कडेला आणून जरासा दाब दिला, की टक्‌! दोन तुकडे.

त्यांची एकुलती एक मुलगी माणसं विचार कसा करतात हे शिकायला बाहेरगावी राहत होती. आईच्या मते घरात ज्याची टंचाई, तेच शिकायला पोर गेली होती. सुट्टीत ती आली ती वही घेऊनच.

"बाबा, काम करताना कारागीर नेमका काय विचार करतो, असा माझा प्रकल्प आहे."

"कारागीर विचार करत नाही. म्हणून तर तो कारागीर."

"असं कसं? अंगठा किती दाबता? श्वास कधी घेता? नजर चाकावर असते की चाकाच्या पुढे?"

एवढ्या बारकाईने मास्तरला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं. तो फुलून गेला. तीन दिवस तो कापायचा, थांबायचा, सांगायचा, आणि मुलगी लिहून घ्यायची. बावीस मुद्दे झाले. त्यांची एक प्रत दुकानात ठेवून रविवारी ती गेली. सोमवारी पहिली काच फुटली.

शनिवारपर्यंत अकरा फुटल्या. मास्तरची रेघ अर्ध्यावर अडखळायची आणि मग तो तिच्यावरून पुन्हा चाक फिरवायचा. काचेवरची रेघ एकदाच ओढायची असते. दुसऱ्यांदा चाक फिरवलं की काच आपल्या मनाला येईल तिथे फुटते. हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. पंचाईत अशी झाली होती, की आता तो जागा होता.

"नजर कुठे ठेवायची ते आठवायला गेलो की अंगठा सुटतो," तो म्हणाला. "अंगठ्याकडे लक्ष दिलं की श्वास राहून जातो."

"मग आठवू नका ना!" काचवाली म्हणाली.

"ते कसं करायचं तेही तिने लिहून ठेवलंय का बघ."

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. बेकरीवाल्याच्या नव्या दुकानाची दर्शनी काच कापायची होती, सहा फुटांची. त्याचं बांधकाम संपायला तीन महिने होते. "ती फुटली तर मी दुकान बंद करतो," मास्तरने सांगितलं. तावातावाने म्हणाला असता तर तिने मनावर घेतलं नसतं. तो चहात साखर कमी आहे असं सांगावं तसं म्हणाला, म्हणून तिने घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने बावीस मुद्दे समोर ठेवले आणि रद्दीतला एक तुकडा टेबलावर घेतला. लहान कामं तरी अडायला नकोत, एवढाच हिशेब. सगळं एकदम डोक्यात मावेना, म्हणून ती मोठ्याने बोलू लागली. "पाय खांद्याइतके फाकवून. श्वास आत. नजर चाकाच्या बोटभर पुढे. अंगठा सैल. आता ओढ."

"काच कापतेयस की बस सोडतेयस?" मास्तर खुर्चीतून म्हणाला.

"तुम्ही प्रवासी आहात. गप्प बसा."

पहिल्या आठवड्यात सगळ्या फुटल्या. दुसऱ्या आठवड्यात एक कापली गेली. तिची कड करवतीसारखी होती, तरी ती दोन दिवस गल्ल्यावर मांडून ठेवलेली होती. महिन्याभरात तिचं मोठ्याने बोलणं पुटपुटण्यावर आलं, मग "नजर, अंगठा" एवढ्या दोनच शब्दांवर. पुढे नुसते ओठ हलत. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. मास्तर पाहत होता.

एका दुपारी तिने फोटोच्या चौकटीची काच कापून बाजूला ठेवली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "आज तू बोलली नाहीस."

"कुणाशी?"

"काचेशी. परवापर्यंत ओठ तरी हलत होते. आज तोंड बंद."

तिने काच उजेडात धरली. कड स्वच्छ, पाण्याच्या धारेसारखी. कापताना आपण कसला विचार करत होतो? मुलीच्या स्वेटरची बाही उसवली होती, ती कुठल्या रंगाच्या लोकरीने शिवावी, याचा. अंगठा, श्वास, नजर यांतलं काहीही मनात नव्हतं. आणि तरी ते सगळं झालं होतं.

ती स्टुलावर बसली. मुलगी दोन वर्षांची असताना जिना चढायची, ते तिला दिसलं. "धल, धल, नीत धल," असं स्वतःलाच दटावत ती एकेक पायरी चढायची. पहिलं पाऊल टाकलं त्या दिवशी घरभर टाळ्या वाजल्या होत्या. ती दटावायची थांबली तो दिवस मात्र कुणाच्या ध्यानातही आला नाही. तसाच एक दिवस आज चौपन्नाव्या वर्षी तिच्यावर येऊन गेला होता. शब्द तोंडातून निघाले, खांद्यावरून उतरत अंगठ्यात जाऊन बसले, आणि जाताना आपल्या पाऊलखुणाही पुसून गेले. तिने हात उलटसुलट करून पाहिला. हात तिचाच होता, पण त्याला आता काहीतरी कळत होतं आणि ते तो तिला सांगत नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हीही बोला."

"मी? चाळीस वर्षं कापतोय मी."

"चाळीस वर्षांपूर्वी बोलला असाल की. विसरलात."

शटर अर्धं ओढून, चोरी करावी तसा मास्तर पुटपुटायला लागला. "पाय. श्वास. नजर." काचा फुटायच्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. तीन महिने संपले.

बेकरीवाला कोपरापर्यंत पीठ माखलेले हात घेऊन जातीने बघायला आला. सहा फुटांची काच टेबलावर निजली होती. पलीकडच्या टोकाला तिने दोन्ही हातांनी पट्टी दाबून धरली. मास्तरने चाक रॉकेलमध्ये बुडवलं. त्याचे ओठ हलू लागले.

"मास्तर काय म्हणतायत?" बेकरीवाल्याने विचारलं.

"आकडेमोड," ती म्हणाली. "तुम्ही जरा मागे व्हा."

"पाय," मास्तर पुटपुटला. "श्वास. नजर..." चाक निघालं. त्याच्याबरोबर तोही टेबलाच्या कडेने सरकू लागला. "नजर... अंग..."

तो शब्द पुरा झालाच नाही. उरला फक्त रेशीम फाटल्याचा आवाज. तिने काचेकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो तिथे नव्हता. बेकरीवाल्याच्या पाठीमागे, रस्त्यापलीकडे कुठेतरी तो खुशाल गेला होता आणि हात एकटाच चालत होता. तिने श्वास रोखला. रेघ टोकावरून उतरली. दोघांनी मिळून काच कडेला आणली, दाबली.

टक्‌.

"एवढंच?" बेकरीवाला म्हणाला.

"एवढंच," मास्तर म्हणाला.

बेकरीवाला गेल्यावर त्याने घाम पुसला आणि तिच्याजवळ येऊन हळूच विचारलं, "सगळं नीट म्हटलं ना गं मी? काही राहिलं नाही ना?"

त्याचा आवाज काचेवर नेमका कुठे बंद झाला, ती जागा ती बोट ठेवून दाखवू शकली असती.

"शेवटपर्यंत म्हटलंत," ती म्हणाली, आणि काच पुसायला फडकं शोधू लागली.