सोमवारी मी फ्री आहे का?

मैत्रिणींनो, आज एका साध्या शब्दानं माझी बोलती बंद केली.

शेवगावला आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी गल्लीतली सात-आठ मुलं इंग्रजी शब्द शिकायला येतात. आज फळ्यावर लिहिलं, ‘फ्री’.

“फुकट!” सगळी एकदम ओरडली. साबणावर शाम्पू फ्री मिळतो, त्यामुळे शब्द पाठच.

मी म्हटलं, “अजून एक अर्थ आहे, मोकळं. ज्याला कुणी अडवत नाही, तो फ्री. आता वाक्य करा बघू.”

शेजारची परी दुसरीत आहे. ती उभी राहिली. “सोमवारी ताई फ्री हाय.”

“कशावरून गं?”

“तुमचे अण्णाच सकाळी फोनवर म्हनत हुते, ‘सोमवारी पोरगी फ्रीच हाय, या बघायला.’”

मुलं खिदळली. मला मात्र हसता येईना. सोमवारी नगरला माझ्या बी.एड. प्रवेशाचा शेवटचा दिवस आहे आणि अण्णांना ते माहीत आहे.

आत जाऊन वडिलांना, म्हणजे अण्णांना, विचारलं, तर म्हणाले, “पावनं काय रोज येत्यात व्हय? तू ग्रॅज्युएट झाली म्हनून तर एवढं चांगलं स्थळ आलंय.” आई भाकरी थापत राहिली.

घरातली पहिली पदवी माझी, आणि त्या पदवीनंच मला अडकवलं.

अण्णांच्या लेखी फ्री म्हणजे रिकामी. मुलांना खरा अर्थ सांगायला मला एक वाक्य पुरलं. अण्णांना पटेल असं एखादं वाक्य सोमवारच्या आत सुचवाल का?